मिश्र खेळासाठीं बॅट कशी निवडावी?

टेबल-टेनिसची बॅट घ्यावयास गेलेला मनुष्य बहुधा दुकानांतील सर्वांत वेगवान बॅट मागतो, आणि दुकानदारहि ती आनंदानें काढून देतो. कारण वेगाबरोबर किंमतहि चढत जाते. परंतु ज्याचा खेळ मिश्र आहे, म्हणजे जो फोरहँडनें हल्ला करतो व बॅकहँडनें मात्र चेंडू अडवितो, कापतो किंवा प्रतिपक्ष्यास नुसता झुलवीत ठेवतो, त्याचें अशा बॅटीनें नुकसानच होतें. मुलाचा हात चांगला असतो. वडील हौसेनें भारी बॅट आणून देतात. आणि थोड्याच महिन्यांत मुलाचा बचाव नाहींसा होतो व हल्लाहि धड साधत नाहीं. मग अभ्यास कमी पडला असें म्हणून बोल मुलालाच लावला जातो. वास्तविक दोष पुष्कळदां लांकडाचा असतो.

मिश्र खेळ हा दुबळ्यांचा खेळ आहे अशी एक समजूत आढळते, ती मात्र खरी नाहीं. चीनच्या डेंग यापिंग यांनीं १९९२ व १९९६ या दोन्ही ऑलिंपिकांत एकेरीचें सुवर्णपदक मिळविलें, तें एका अंगास गुळगुळीत व दुसऱ्या अंगास दाणेदार रबर लावलेल्या बॅटीनें. दक्षिण कोरियाचे जू से-ह्युक २००३ सालीं पॅरिस येथील जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत पोंचले, ते टेबलापासून दूर राहून बॅकहँडनें चेंडू कापीत आणि संधि दिसतांच फोरहँडचा तडाखा देत. आपल्याकडील मनिका बत्रा २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेंत एकेरीच्या विजेत्या ठरल्या. त्यांच्या बॅकहँडलाहि लांब दाण्यांचेंच रबर होतें.

बॅटीचीं अंगें तीन. मधली लांकडी फळी, जिला खेळाडू ब्लेड म्हणतात, आणि तिच्या दोन बाजूंस चिकटविलेलीं दोन रबरें. यांपैकीं फळी आधीं ठरवावी. नियमाप्रमाणें तिच्या जाडीचा निदान ८५ टक्के भाग नैसर्गिक लांकडाचा असावा लागतो. थरांच्या मध्यें कार्बनच्या तंतूंचा पातळ पापुद्रा घालण्यास मुभा आहे; पण तो ०.३५ मिलिमीटर किंवा एकूण जाडीचे ७.५ टक्के, यांत जें कमी असेल त्याहून जाड चालत नाहीं. एवढ्याशा पापुद्र्यानेंहि फळी ताठ होते, आणि चेंडू हाताला नीट कळण्यापूर्वींच निघून जातो. केवळ हल्ला करणाऱ्यास तें मानवेल. मिश्र खेळास पांच थरांची, निव्वळ लांकडी, मध्यम वेगाची फळी बरी. स्टिगा कंपनीची ‘ऑलराउंड क्लासिक’ ही त्या जातीची सर्वपरिचित फळी होय.

याचें कारण असें. मंद फळीवर चपळ रबर लावून फोरहँडचा वेग वाढवितां येतो. उलट वेगवान फळीचा वेग बॅकहँडच्या रबरानें पुरता काढून घेतां येत नाहीं. त्यांतून लांब दाण्यांच्या रबराखालीं स्पंज फार पातळ असतो, किंवा मुळींच नसतो. चेंडू जवळजवळ लांकडावरच आपटतो. म्हणून फळी निवडतांना बचावाची बाजू पाहावी आणि हल्ल्याची उणीव रबरानें भरून काढावी. फोरहँडला गुळगुळीत, चेंडू धरून ठेवणारें, सुमारें १.८ ते २ मिलिमीटर स्पंजाचें रबर पुरेसें होतें.

आतां बॅकहँड. आंखूड दाण्यांच्या रबरावर प्रतिपक्ष्याच्या फिरकीचा परिणाम कमी होतो व सपाट, झटपट मारा साधतो. लांब दाण्यांची गोष्ट निराळी आहे. गुळगुळीत रबर चेंडूस पकडून त्याला आपली फिरकी देतें. लांब दाणे मात्र चेंडूखालीं वांकतात, घसरतात, आणि त्याची मूळची फिरकी बरीचशी तशीच राहूं देतात. चेंडूची दिशा तेवढी उलटते. त्यामुळें प्रतिपक्ष्यानें दिलेली टॉपस्पिन त्याच्याकडे परततांना उलट फिरकी होऊन जाते, आणि त्यानें जितका जोर लावावा तितका चेंडू त्याच्या बॅटीवरून खालीं जाळ्यांत जातो! पण हें रबर उसनवारीवर जगणारें आहे. प्रतिपक्ष्यानें फिरकी न देतां मऊ चेंडू टाकला, कीं परत करावयास याच्यापाशीं कांहीं उरत नाहीं. अशा वेळीं पुढें सरून फोरहँडनें मारतां आलें पाहिजे, अथवा मुठींत बॅट फिरवून गुळगुळीत बाजू पुढें आणतां आली पाहिजे.

केवळ रबराच्या नवलाईवर विसंबणाऱ्यांनीं मुंबईंत १९५२ सालीं झालेली जागतिक स्पर्धा आठवावी. जपानचे हिरोजी सातो जाड स्पंजाची, जवळजवळ आवाज न करणारी बॅट घेऊन आले. टाळूवरून टप्प्याचा अंदाज बांधणाऱ्या नामांकित खेळाडूंचे कान व डोळे दोन्ही फसले, आणि पुरुष एकेरीचें अजिंक्यपद सातोंनीं नेलें. तें त्यांस पुन्हां मिळालें नाहीं. पुढें स्पंज सर्वत्र पसरला, व १९५९ सालीं त्याच्या जाडीस नियमानें मर्यादा पडली. आज स्पंज, रबर व डिंक मिळून ती ४ मिलिमीटर आहे. दोन्ही बाजू एकाच रंगाच्या ठेवून फसविण्याची युक्तीहि अशीच बंद झाली. १९८६ पासून एक बाजू काळी व दुसरी तांबडी ठरली. २०२१ पासून काळ्याच्या जोडीस इतर कांहीं भडक रंगहि चालतात. शिवाय सामन्यापूर्वीं आपली बॅट प्रतिपक्ष्यास पाहूं द्यावी लागते.

एकत्र कुटुंबांत एकच बॅट चौघांच्या हातीं फिरते, तेथें विशेष जपावें. काकांचा गुडघा दुखत असेल तर लांब दाणे त्यांना वरदानच होत. पण तीच बॅट नवशिक्या पुतणीनें उचलली, तर बॅकहँडचा साधा फटका तिला कधींच यावयाचा नाहीं. तिनें पहिलें वर्ष दोन्ही अंगांस गुळगुळीत रबर लावावें. पुढें हात बचावाकडे वळतो असें दिसलें, तर फळी तीच ठेवून बॅकहँडचें रबर तेवढें बदलावें, आणि तेंहि आरंभीं पातळ स्पंजासह घ्यावें. स्पर्धेंत उतरावयाचें असल्यास रबरावर आंतरराष्ट्रीय महासंघाच्या मान्यतेची खूण आहे कीं नाहीं, हें पाकीट फोडण्यापूर्वींच पाहून घ्यावें.