विश्लेषण : अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले पूर्वज कसे शोधतात?

अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा ४ जुलै १७७६ चा. आपल्या घराण्यातलं कुणी त्या युद्धात लढलं होतं का, हा प्रश्न तिथल्या अनेक कुटुंबांना पडतो. 'डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन' ही १८९० मध्ये स्थापन झालेली महिलांची संस्था तर सदस्यत्व देताना पिढ्यांचा कागदोपत्री पुरावा मागते. तो मिळतो कुठे?

सुरुवात कुठून?

स्वतःपासून. प्रसिद्ध सैनिकाचं आडनाव जुळलं म्हणून तो पूर्वज ठरत नाही. आई-वडील, आजी-आजोबा असं एकेक पिढी मागे जावं लागतं. प्रत्येक पायरीला जन्म, लग्न, मृत्यूची नोंद, मृत्युपत्र किंवा जमिनीचा कागद लागतो.

जनगणनेत काय सापडतं?

पहिली जनगणना १७९० ची. पण १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहिलं जायचं. घरातले बाकीचे नुसते आकडे. प्रत्येक स्वतंत्र व्यक्तीचं नाव १८५० पासून येतं. त्याआधीच्या बायका-मुलांसाठी चर्चच्या नोंदी आणि मृत्युपत्रं चाळावी लागतात.

सैनिकांची कागदपत्रं आहेत का?

युद्ध खात्याच्या कार्यालयाला नोव्हेंबर १८०० मध्ये आग लागली आणि बरंच दप्तर जळालं. पुढे कामी आली ती पेन्शन. १८१८ च्या कायद्यानं गरजू सैनिकांना, तर १८३२ च्या कायद्यानं किमान सहा महिने सेवा केलेल्यांना पेन्शन मिळाली. अनेक म्हाताऱ्या सैनिकांकडे कागदच नव्हते. त्यामुळे कोणत्या अधिकाऱ्याच्या हाताखाली, कुठे लढलो, हे त्यांनी शपथेवर सांगितलं आणि ते लिहून घेतलं गेलं. घरच्या बायबलमध्ये जन्म-लग्नाच्या तारखा लिहायची पद्धत होती. काही विधवांनी लग्नाचा पुरावा म्हणून ती पानंच फाडून अर्जाला जोडली. अशा सुमारे ८० हजार फाइल्स अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि ऑनलाइन पाहता येतात.

तारखा का जुळत नाहीत?

१७५२ पर्यंत ब्रिटिश वसाहतींमध्ये जुनं कॅलेंडर होतं आणि नवं वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. म्हणून जॉर्ज वॉशिंग्टन यांची जन्मतारीख जुन्या पद्धतीनं ११ फेब्रुवारी १७३१, तर नव्या पद्धतीनं २२ फेब्रुवारी १७३२ येते.

कृष्णवर्णीय कुटुंबांचं काय?

स्वातंत्र्याच्या बाजूनं हजारो कृष्णवर्णीयही लढले. पण गुलामगिरीत राहिलेल्या कुटुंबांच्या वंशजांचा शोध बहुतेकदा १८७० ला अडतो. १८५० आणि १८६० मध्ये गुलामांच्या वेगळ्या याद्या झाल्या. त्यात नाव मालकाचं. गुलामांचं बहुधा फक्त वय, लिंग आणि वर्ण. त्यांची नावं देशभरच्या जनगणनेत आली ती १८७० मध्ये. त्याआधीचा माग काढायचा तर मालकाचं मृत्युपत्र आणि मालमत्तेची यादी पाहावी लागते, जिथे माणसं गुराढोरांसोबत किमतीसह नोंदवलेली असतात.

एक दुवा मात्र मोलाचा आहे. १८६५ ते १८७४ या काळात चाललेल्या 'फ्रीडमन्स बँके'त खातं उघडताना आई-वडील, भावंडं, मुलं यांची नावं विचारली जात. काही अर्जांत जुन्या मालकाचंही नाव आहे. ते सापडलं, तर पुढचा कागद कुणाच्या दप्तरात शोधायचा हे कळतं.