सापाची किंमत

"सर, परदेशात लोक घरी सापांची पैदास करून ते विकतात, मग आपल्याकडे एखादे मांडूळ विकले तर त्यात गुन्हा कसला?"

डिचोली तालुक्यातील एका विद्यार्थ्याने गेल्या पावसाळ्यात मला हा प्रश्न विचारला. त्याच्या गावातील चहाच्या दुकानात एक परका इसम येऊन गेला होता. "भाटात जाडजूड मांडूळ सापडले तर कळवा, लाखांनी पैसे मोजू," असे त्याने सांगितले होते. पेडण्याकडील दुसऱ्या एका मुलाच्या कानावरही असेच काहीसे आले होते. प्रश्न प्रामाणिक होता. म्हणून त्या मुलाला दटावण्यापेक्षा सापाची किंमत मुळात ठरते कशी, हे नीट पाहावे असे वाटले.

प्रथम परदेशातील उघड चालणारा धंदा पाहू. अमेरिका व युरोपमध्ये हौशी लोक जे साप पाळतात त्यांत कॉर्न स्नेक आणि बॉल पायथन हे दोन प्रमुख. दोन्ही बिनविषारी. कॉर्न स्नेकची मादी एका वेळी साधारणपणे 10 ते 20 अंडी घालते व ती उबण्यास सुमारे दोन महिने लागतात. बॉल पायथनची मादी वयात यायला तीनेक वर्षे घेते आणि अंडी घालते ती पाच-सहाच्या आसपास. म्हणजे पहिला पैसा हाती येण्यापूर्वी दोन-तीन वर्षे उंदीर, वीज, पेट्या आणि पशुवैद्य यांवर खर्च करीत राहावे लागते.

आता हिशेब करू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत. समजा, कॉर्न स्नेकच्या एका जोडीवर वर्षाला 12,000 रुपये खर्च झाले आणि मादीने 15 अंडी घातली. नवखा माणूस 12,000 ला 15 ने भागतो व एका पिल्लाची मूळ किंमत 800 रुपये धरतो. पण 15 पैकी 12 च अंडी उबली, आणि 12 पैकी दोन पिल्लांनी अन्नाला तोंडच लावले नाही, तर विकण्याजोगी पिल्ले उरतात 10. मूळ किंमत झाली 1,200 रुपये. ही दहाही पिल्ले एकाच दिवशी खपत नाहीत. जे पिल्लू सहा महिने पेटीत राहते ते सहा महिने उंदीर खाते, आणि तो खर्चही किमतीत चढतो. आपले श्रम तर आपण अजून मोजलेलेच नाहीत! चांगला पैदासकार पिल्लाने निदान काही वेळा नीट अन्न घेतल्याखेरीज ते विकत नाही. न खाणारे पिल्लू विकणे म्हणजे घेणाऱ्याच्या गळ्यात मरण बांधणे होय.

परंतु एवढ्या कष्टाने काढलेली किंमतही बाजारात टिकेलच असे नाही, कारण तिथे भाव चढतो तो रंगाच्या दुर्मिळतेने. 1953 मध्ये अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यात काळे रंगद्रव्य नसलेला एक कॉर्न स्नेक सापडला. डॉ. बर्नार्ड बेक्टेल यांनी त्याच्यापासून पैदास सुरू केली. पहिल्या पिढीतील पिल्ले साध्याच रंगाची निघाली. त्यांच्या आपसांतील संकरातून 1961 मध्ये पुन्हा तो रंग प्रकटला. मेंडेलने वाटाण्यात पाहिलेला नियमच हा. गुण अप्रभावी असेल तर दोन वाहक सापांच्या पिल्लांत सरासरीने चारांत एक रंगीत निघते. उरलेली तीन दिसायला साधी असली तरी त्यांतील दोन तो गुण अंगी वाहत असतात. ते दोन कोणते, हे नुसते पाहून कळत नाही. म्हणून बाजारात ही पिल्ले "66 टक्के शक्यता" असे सांगून विकली जातात आणि त्यांचा भाव खात्रीच्या वाहकापेक्षा कमी असतो. येथे ग्राहक जो पैसा मोजतो तो सापाच्या कातडीचा नसून पैदासकाराच्या वहीचा असतो. आईबाप कोणते, जन्मतारीख कोणती, शेवटचे अन्न केव्हा घेतले, हे लिहिलेले नसेल तर शब्दाला मोल नाही.

दुर्मिळतेचा भाव मात्र फार काळ टिकत नाही. अल्बिनो बॉल पायथनची पैदास 1992 मध्ये प्रथम साधली, तेव्हा एकेका पिल्लाची किंमत हजारो डॉलर होती. प्रत्येक विकत घेणारा पुढे स्वतःच पैदासकार झाला. पिल्ले वाढली आणि भाव काही शे डॉलरांवर उतरला. शेवटी साप घ्यायचा कोणी? ज्याला तो पाळायचाच आहे, त्याने. असा अखेरचा गिऱ्हाईक नसेल तर सारा बाजार म्हणजे एकाने दुसऱ्याच्या हाती दिलेले जळते कोलीत. रंगाच्या हव्यासाला दुसरीही बाजू आहे. बॉल पायथनच्या "स्पायडर" नावाच्या जातीत सुंदर नक्षीबरोबरच मान थरथरण्याचा व तोल जाण्याचा दोष येतो. जो विक्रेता हे सांगत नाही तो किंमत लपवतो. ती साप भरतो.

आता हीच कसोटी मांडुळाला लावून पाहा. जन्माची नोंद? नाही. आईबाप? रानातले. अखेरचा गिऱ्हाईक? तो कोणीच पाहिलेला नाही. प्रत्येक दलाल पुढच्या दलालाकडे बोट दाखवतो. किंमत ठरते ती वजनावर आणि अफवेवर. गुप्तधन सापडते, असाध्य रोग बरा होतो, असे सांगतात. त्याला "दोन तोंडे" म्हणतात तीही खरी नव्हेत. जमिनीत बिळे करून राहणाऱ्या या बिनविषारी सापाचे शेपूट बोथट असते व ते डोक्यासारखे दिसून शत्रूला चकवते, एवढेच. गोव्याच्या किनारपट्टीत त्याचा एक भाऊबंद आढळतो. 1991 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले व सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांचे नाव त्याला दिले गेले. अफवेच्या बाजारात त्याचीही सुटका नाही. 2016 ते 2021 या काळात देशभरात मांडुळाच्या अवैध व्यापाराच्या 172 घटनांची नोंद एका अभ्यासात झाली. त्यांतील 59 एकट्या महाराष्ट्रातील, म्हणजे आपल्या शेजारच्याच.

मग घरी पैदास केली तर? 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार संरक्षित प्राणी नुसता पकडणे हीसुद्धा शिकारच ठरते. कायद्याविरुद्ध पाळलेला किंवा पैदास केलेला वन्य प्राणी सरकारची मालमत्ता होतो. मांडूळ, अजगर, नाग, धामण, घोणस यांचे पिल्लू पेटीत जन्मले म्हणून ते आपले होत नाही. परदेशी सापांची गोष्ट थोडी निराळी. 2020 मध्ये केंद्र सरकारने अशा प्राण्यांची स्वेच्छेने नोंद करण्याची संधी दिली. 2022 च्या दुरुस्तीने आंतरराष्ट्रीय करारातील प्राणी कायद्याच्या कक्षेत आणले, आणि 2024 च्या नियमांनी त्यांची नोंदणी बंधनकारक केली. बॉल पायथन या यादीत येतो. त्याचा जन्म, मृत्यू व हस्तांतर कळवावे लागते. परदेशातून साप आणायचा तर परवाना हवा. तेव्हा तिथेही प्रश्न वहीचाच आहे!

देशी सापावर कायदेशीर उपजीविका होत नाही असेही नाही. कातडीच्या निर्यातीवर बंदी आल्यावर तमिळनाडूतील इरुळा जमातीने 1978 मध्ये सहकारी संस्था स्थापन केली. ते परवान्याने साप पकडतात, प्रतिसर्पविषाच्या औषधासाठी विष काढतात व सापाला पुन्हा रानात सोडतात. येथे अखेरचा गिऱ्हाईक उघड आहे: सर्पदंशाचा रोगी.

आपल्या पेडणे-डिचोलीत तर सापाचे मोल फार जुने आहे. ज्या वारुळात साप वसतो त्यालाच आपण सातेरी म्हणून पुजतो. नागपंचमीला पातोळ्या करतो. भातशेतीत उंदीर मारण्याचे काम धामण आणि मांडूळ मजुरी न मागता करतात. त्या मजुरीचा हिशेब कोणी केलेला नाही. पण पीक घरी येते तेव्हा ती चुकती झालेली असते.

त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले: "बाबा, तो इसम पुन्हा आला तर त्याला विचार, हा साप शेवटी कोण पाळणार आहे? उत्तर मिळाले नाही तर वन खात्याला कळव." जिथे घेणारा दिसत नाही तिथे लाखांचा भाव फक्त बोलण्यापुरता असतो. पकडला जातो तो साप, आणि त्याच्यामागोमाग साप पकडणारा गावातला पोर.