चढणं एक, टिकणं दुसरं : प्रीमियर लीगच्या नव्या हंगामाकडे पाहताना

(धारणी येथे ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



येत्या शुक्रवारी १५ ऑगस्ट. त्या रात्री आपल्याकडे साडेबारा वाजता, म्हणजे तारखेनं शनिवार लागल्यावर, लिव्हरपूलच्या अ‍ॅनफिल्ड मैदानावर इंग्लिश प्रीमियर लीगचा नवा हंगाम सुरू होतोय. लिव्हरपूल विरुद्ध बोर्नमथ. मी काही प्रशिक्षक नाही, पत्रकारही नाही. चाहता आहे. तेव्हा चाहत्याच्या नजरेनं या हंगामात काय पाहायचं, ते सांगतो.

आधी वरच्या नंबरांचं उरकून घेऊ. गेल्या वर्षी लिव्हरपूलनं ८४ गुणांसह विजेतेपद घेतलं. त्यांचं हे विसावं, म्हणजे आता मँचेस्टर युनायटेडशी बरोबरी झाली. यंदा त्यांनी जर्मनीहून फ्लोरियान व्हिर्ट्झ आणि ह्युगो एकिटिके यांना आणलं, आणि ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्ड रेआल माद्रिदला गेला. पण या संघावर दुःखाचं सावट आहे. त्यांचा खेळाडू डिओगो जोटा जुलैत मोटार अपघातात गेला, सख्खा भाऊही त्याच्यासोबत गेला. क्लबनं त्याची २० नंबरची जर्सी कायमची बाजूला ठेवली. आर्सेनल सलग तीन वर्षं दुसरं आलंय. त्यांना गोल करणारा माणूस हवा होता, तो व्हिक्टर ग्योकेरेशच्या रूपानं मिळाला. मँचेस्टर सिटी तिसरी होती, केव्हिन डी ब्रॉयनं गेल्यावर संघ नव्यानं बांधतेय. माझा अंदाज विचाराल तर यंदा आर्सेनल. झालं वरचं.

आता खरी गोष्ट. ती तक्त्याच्या तळाशी आहे.

इंग्लंडमध्ये फुटबॉलची शिडी आहे. सगळ्यात वर प्रीमियर लीग, २० संघ. तिच्याखाली चॅम्पियनशिप, मग लीग वन, मग लीग टू, प्रत्येकी २४ संघ. त्याखालीही पायऱ्या आहेतच. दरवर्षी प्रीमियर लीगमधले शेवटचे तीन संघ खाली जातात आणि चॅम्पियनशिपमधून तीन वर येतात. पहिले दोन थेट येतात. तिसऱ्या ते सहाव्या क्रमांकाचे चार संघ आपसात खेळतात आणि त्यातला एक येतो.

आपल्याकडे आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धा होतात. प्रकल्पस्तर, मग विभागस्तर, मग राज्यस्तर. तीही शिडीच. पण पुढच्या वर्षी सगळे पुन्हा खालून सुरुवात करतात. तिथे तसं नाही. तुम्ही ज्या पायरीवर पोचलात, पुढचं वर्षभर तिथेच खेळायचं, तिथल्याच तगड्या संघांशी. म्हणून प्रश्न दोन होतात : चढाल का? आणि चढलात तर टिकाल का?

गेल्या दोन हंगामांत दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सरळ ‘नाही’ असं आलंय. २०२३-२४ मध्ये वर आलेले बर्नली, शेफिल्ड युनायटेड आणि लुटन, तिघेही एका वर्षात खाली. २०२४-२५ मध्ये वर आलेले लेस्टर, इप्सविच आणि साउथहँप्टन, तेही तिघे खाली. आकडे पाहा. लेस्टरनं चॅम्पियनशिपमध्ये ४६ सामन्यांत ९७ गुण मिळवले होते, वर येऊन ३८ सामन्यांत फक्त २५. साउथहँप्टनला तर अख्ख्या हंगामात १२ गुण. जिंकलं की ३, बरोबरी झाली की १, हा हिशोब. म्हणजे वर्षभरात किती वेळा हरले असतील, तुम्हीच काढा.

पूर्वी चाहते म्हणायचे, ४० गुण झाले की संघ वाचला. आता तेवढे लागतच नाहीत. २०२३-२४ मध्ये अठराव्या नंबरच्या संघाचे २६ गुण होते, गेल्या वर्षी २५. गेल्या वर्षी सतरावं टॉटनहॅम ३८ गुणांवर थांबलं, तरी वाचलं. म्हणजे उंबरठा खाली आलाय, आणि तोही नव्यांना ओलांडता येत नाहीये.

असं का होतं? मुख्य कारण पैसा. प्रीमियर लीगमध्ये तळाला राहणाऱ्या क्लबलाही प्रक्षेपणाच्या हक्कांतून वर्षाला १० कोटी पौंडांहून जास्त मिळतात. चॅम्पियनशिपमधली कमाई त्याच्या जवळपासही नाही. जे वर्षानुवर्षं वर आहेत, त्यांच्याकडे दरसाल हा पैसा साचत जातो आणि त्यातून खेळाडू येतात. नवा संघ येतो तेव्हा त्याच्या हातात एक उन्हाळा असतो. त्यात दहा-बारा नवे खेळाडू घ्यायचे, एकमेकांशी जुळवायचे, आणि ऑगस्टमध्ये थेट सिटी-आर्सेनलसमोर उभं राहायचं. खाली जाणाऱ्यांना काही वर्षं मदतनिधी मिळतो, त्याला तिकडे पॅराशूट म्हणतात. त्या बळावर तेच क्लब पुन्हा वर येतात. बर्नलीकडे पाहा, वर-खाली, वर-खाली चाललंय.

या शिडीशी आपल्या महाराष्ट्राचाही संबंध आहे, आणि तो कोंबड्यांच्या धंद्यातून आलेला आहे. पुण्याची व्यंकटेश्वरा हॅचरीज, म्हणजे व्यंकीज. नोव्हेंबर २०१० मध्ये त्यांनी ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब सुमारे २ कोटी ३० लाख पौंडांना विकत घेतला, वर क्लबचं कर्जही अंगावर घेतलं. हा लहानसहान क्लब नाही. १८८८ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या १२ संघांपैकी एक. १९९५ चा प्रीमियर लीग विजेता. अ‍ॅलन शिअररनं त्या हंगामात ३४ गोल केले होते.

खरेदीनंतर महिनाभरातच अनुभवी प्रशिक्षक सॅम अ‍ॅलरडाइस यांना काढलं. मे २०१२ मध्ये क्लब खाली गेला. ज्या सामन्यात ते पक्कं झालं, त्यात चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानात चक्क कोंबडी सोडली होती. २०१७ मध्ये ब्लॅकबर्न तिसऱ्या पायरीवर घसरला. प्रीमियर लीग जिंकलेला क्लब इतक्या खाली जाण्याची ती पहिलीच वेळ. एका वर्षात तो दुसऱ्या पायरीवर परतला, आणि तेव्हापासून तिथेच आहे. मालकांनी हात काढून घेतला असंही नाही, पैसा घालत राहिले. गेल्या हंगामात क्लब सातवा आला. सहाव्या नंबरला दोन गुण कमी पडले, नाहीतर वर जायच्या चौघांत असता.

पाहा, घाटातून खाली यायला वेळ लागत नाही, चढायला लागतो. खाली गेल्याला तेरा वर्षं झाली आणि पुण्याचा पैसा अजून परतीच्या वाटेवरच आहे.

आता यंदाचे तीन नवे संघ. लीड्स, बर्नली आणि संडरलँड. लीड्स आणि बर्नली दोघांनी १०० गुण मिळवले. बर्नलीनं ४६ सामन्यांत फक्त १६ गोल खाल्ले. पण त्यांचा गोलरक्षक जेम्स ट्रॅफर्ड आता मँचेस्टर सिटीत गेलाय, म्हणजे भिंतीचाच दगड निघाला. लीड्सचे प्रशिक्षक डॅनिएल फार्क यांनी याआधी नॉरिचला दोनदा वर आणलं होतं, पण वर आल्यावर नॉरिच टिकलं नाही. आणि संडरलँड. २०१७ मध्ये खाली गेलं, पुढच्याच वर्षी आणखी एक पायरी उतरलं आणि तिसऱ्या पायरीवर चार वर्षं अडकून पडलं. मे महिन्यात वेम्बलीवर शेफिल्ड युनायटेडविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणांत टॉम वॉटसन या एकोणीस वर्षांच्या पोरानं गोल मारला आणि आठ वर्षांनी क्लब परत आला. ग्रानिट शाकासारखा मुरलेला खेळाडू त्यांनी आता घेतलाय.

माझा अंदाज, तिघांपैकी एक तरी टिकेल. आणि टिकला तर त्याचं मोल विजेतेपदाहून कमी नाही. कारण नवे संघ टिकतच नाहीत असं एकदा ठरून गेलं, की शिडी नुसती नावाला उरते. वरचे सतरा कायमचे वर, बाकीचे येऊन-जाऊन पाहुणे.

शिडीच नसली तर काय होतं, ते आपल्या देशात पाहा. इंडियन सुपर लीग २०१४ ला सुरू झाली. तिथून खाली कोणी जात नाही. वर यायची वाट २०२३ मध्ये उघडली, आय-लीग जिंकून पंजाब एफसी आली, पुढच्या वर्षी मोहम्मेडन. आणि यंदा तर लीगच अधांतरी आहे. महासंघ आणि आयोजक कंपनी यांच्यातला हक्कांचा करार डिसेंबरमध्ये संपतोय, पुढचं ठरलेलं नाही, म्हणून जुलैत हंगामच थांबवून ठेवला. मुंबई सिटी एफसीत २०१९ पासून मोठा वाटा मँचेस्टर सिटीच्याच मालक समूहाचा आहे. एकाच घरचे दोन संघ. एकाची वर्षभराची वेळापत्रकं छापून तयार, दुसऱ्याला पहिला सामना कधी, हेच माहीत नाही.

(श्रोत्यांतून प्रश्न : सर, रात्रभर जागणं होत नाही आमच्याच्यानं. आम्ही कोणता गेम पाहाचा?)

चांगला प्रश्न विचारला, भाऊ. जागायची गरज नाही. शनिवारी, १६ तारखेला संध्याकाळी साडेसातला संडरलँड विरुद्ध वेस्ट हॅम आहे, संडरलँडच्याच मैदानावर. यंदा सामने जिओहॉटस्टारवर आहेत. इथे रेंजचा भरवसा नाही हे मला माहीत आहे, तेव्हा ज्याच्याकडे नेट चालतं त्याच्याकडे चार जण जमा.

आणि एक करा. वहीत तीन नावं लिहा : लीड्स, बर्नली, संडरलँड. दर आठवड्याला त्यांचे गुण मांडत जा. पुढच्या मे महिन्यात हंगाम संपेल तेव्हा अठराव्या नंबरच्या वर यांच्यातलं कोण उरलं, ते पाहा. विजेता कोण, ते पेपरात येईलच. हा हिशोब मात्र ज्यानं वर्षभर ठेवला, त्यालाच ही लीग कळेल.