खुराड्याची वाट

मुलांनो, तुमच्यापैकी काहींच्या घरी कोंबड्या असतील. कोंबड्यांच्या घराला तुम्ही 'दडबा' म्हणता. मराठीत त्याला 'खुराडे' म्हणतात. दिवस मावळू लागला, की मोठ्या कोंबड्या आपोआप खुराड्यात शिरतात. त्यांना बोलवावे लागत नाही. नवी पिल्ले मात्र अंगणभर पळतात, कोपऱ्यात दाटीने बसतात, पण खुराड्यात जात नाहीत. असे का होते बरे?

मी सातवीत होते, तेव्हाची गोष्ट सांगते. आमच्या घरी बारा पिल्ले आणली होती. ती सुमारे दीड महिन्याची होती. पहिल्याच दिवशी मी ती अंगणात मोकळी सोडली. संध्याकाळी त्यांना आत घालण्यासाठी मी काठी घेऊन मागे धावले. मी जितकी धावले, तितकी ती पांगली. अंधार पडेपर्यंत दहा पिल्ले कशीबशी हाती लागली. दोन पिल्ले लाकडांच्या ढिगात शिरली, ती सापडलीच नाहीत. सकाळी तेथे फक्त पिसे पडलेली होती. रात्री रानमांजर येऊन गेले होते.

मी रडत रडत दादीला म्हणाले, "पिल्ले माझे ऐकतच नाहीत."

दादी म्हणाली, "बेटा, त्यांचे घर कोणते, हे तू त्यांना कधी दाखवलेस?"

दादीचे म्हणणे खरे होते. ते समजण्यासाठी कोंबडीचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. आपली पाळीव कोंबडी ही मुख्यतः तांबड्या रानकोंबड्याची वंशज आहे. रानकोंबडे दिवसा जमिनीवर दाणे व किडे टिपतात. रात्री मात्र झाडाच्या फांदीवर बसतात. कोंबडीला दिवसा रंग उत्तम दिसतात, पण अंधारात नीट दिसत नाही. म्हणून उजेड कमी होताच ती ओळखीची व उंच जागा शोधते. जी जागा तिला घर वाटते, तेथेच ती जाते.

कोंबडीने स्वतः अंडी उबवली, तर 21 दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. रात्री आई त्यांना पंखाखाली घेते. पुढे आईच्या मागोमाग ती खुराड्याची वाट शिकतात. परंतु आज 'वनराजा', 'गिरिराजा' यांसारख्या जातींची पिल्ले बहुधा यंत्रात उबवलेली असतात. त्यांना वाट दाखवायला आई नसते. ते काम आपल्याला करावे लागते.

ते कसे करावे? पिल्लांच्या अंगावर पुरती पिसे आली, की त्यांना खुराड्यात ठेवावे. पहिला आठवडाभर बाहेर सोडू नये. दाणा-पाणी आतच द्यावे. मात्र खुराडे हवेशीर असावे आणि दुपारी त्यावर सावली असावी. एवढ्या दिवसांत ही आपली जागा आहे, हे पिल्लांना कळते.

नंतर त्यांना सूर्य मावळण्यापूर्वी तासभरच बाहेर सोडावे. त्या वेळी ती फार दूर जात नाहीत. मग तांदळाच्या कण्या किंवा बाजरी खुराड्यात टाकावी आणि रोज एकाच आवाजात हाक मारावी. दुपारनंतर बाहेर फार दाणे टाकू नयेत. पोट भरलेले पिल्लू दाण्यासाठी आत कशाला येईल?

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. संध्याकाळी अंगणात उजेड असतो, पण खुराड्यात काळोख असतो. पिल्ले काळोखात शिरायला घाबरतात. म्हणून सुरुवातीचे काही दिवस आत लहानसा दिवा लावावा. सगळी आत गेली, की तो विझवावा. उघड्या ज्योतीचा दिवा मात्र लावू नये. आग लागण्याची भीती असते. आत जमिनीपासून फूटभर उंचीवर बसायला एक गोल दांडी बसवावी. खुराडे उंचावर असेल, तर चढायला फळी लावून तिच्यावर आडव्या पट्ट्या ठोकाव्यात.

इतके करूनही काही पिल्ले बाहेरच बसली तर? पाठलाग करू नका. अंधार पडू द्या. अंधारात पिल्ले जागची हलत नाहीत. मग एकेकाला दोन्ही हातांनी अलगद उचला आणि आत ठेवा. असे काही रात्री केले, की ती स्वतःहून आत जाऊ लागतात. नंतर हात साबणाने धुवायला विसरू नका.

कधी कधी जागा माहीत असूनही पिल्ले आत जात नाहीत. तेव्हा खुराडे तपासावे. मोठ्या कोंबड्या त्यांना टोचतात का? आत उवा किंवा पिसवा झाल्या आहेत का? एखाद्या फटीतून साप किंवा घूस येते का? बिचारे पिल्लू बोलू शकत नाही, पण त्याच्या हट्टामागे कारण असते.

आम्ही उरलेल्या दहा पिल्लांना असेच शिकवले. आठवडाभर मी काठीला हात लावला नाही. पुढे एका संध्याकाळी मी हाक मारली आणि सगळी पिल्ले एकामागून एक आत गेली. दादीने मला कडी लावण्यापूर्वी ती मोजायला सांगितली. मी मोजली. दहा भरली. त्या दिवसापासून मोजल्याशिवाय मी कधीही कडी लावली नाही.

स्वाध्याय

1. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) लेखिकेची दोन पिल्ले कोठे शिरली होती?
(आ) कोंबडीची अंडी किती दिवसांत उबतात?

2. कारणे लिहा.
(अ) नव्या पिल्लांना आठवडाभर खुराड्यातच ठेवावे.
(आ) खुराड्यात सुरुवातीला दिवा लावावा.

3. दादीच्या प्रश्नाचा अर्थ तुमच्या शब्दांत सांगा.