विश्लेषण : ‘अनरेडी’ राजा एथेलरेड… कोट्यवधी नाणी देऊनही इंग्लंडचे सिंहासन का गमावले?

इंग्लंडचा अँग्लो-सॅक्सन राजा दुसरा एथेलरेड हजार वर्षांनंतरही ‘द अनरेडी’ या हिणवणाऱ्या नावानेच ओळखला जातो. जवळपास ३८ वर्षांच्या कारकीर्दीत त्याने व्हायकिंग आक्रमकांना चांदीच्या राशी मोजल्या. तरीही १०१३ मध्ये त्याला देश सोडावा लागला. असे का झाले?

‘अनरेडी’चा अर्थ काय?

या शब्दाचा ‘तयारी नसलेला’ असा अर्थ लावला जातो, पण तो चुकीचा आहे. जुन्या इंग्रजीत ‘एथेल-रेड’ म्हणजे उत्तम सल्ला, तर ‘अनरेड’ म्हणजे वाईट सल्ला. राजाच्या नावावर केलेली ही कोटी आहे. तिची नोंदही त्याच्या मृत्यूनंतर शतकाहून अधिक काळाने सापडते.

सिंहासन कसे मिळाले?

वडील एडगर यांच्या निधनानंतर ९७५ मध्ये सावत्र भाऊ एडवर्ड गादीवर आला. १८ मार्च ९७८ रोजी डॉर्सेटमधील कॉर्फ येथे त्याची हत्या झाली. एथेलरेड तेव्हा जेमतेम दहा-बारा वर्षांचा होता. हत्येत त्याचा हात असणे कठीण, पण संशयाची सावली त्याच्या राज्यावर सुरुवातीपासूनच पडली.

खंडणी किती दिली?

९९१ मध्ये माल्डनच्या लढाईत इंग्रजांचा पराभव झाला आणि १० हजार पौंडांची खंडणी देण्यात आली. तेव्हा एका पौंडात चांदीची २४० नाणी येत. म्हणजे ही २४ लाख नाणी झाली. ९९४ मध्ये १६ हजार, १००२ मध्ये २४ हजार आणि १०१२ मध्ये ४८ हजार पौंड, म्हणजे तब्बल १ कोटी १५ लाख नाणी देण्यात आल्याचे ‘अँग्लो-सॅक्सन क्रॉनिकल’ सांगते. पैसा प्रजेकडूनच वसूल होत होता. त्यातून विकत मिळाला तो केवळ वेळ.

मग चुकले कुठे?

त्याचा पूर्वज आल्फ्रेड यानेही व्हायकिंगांशी तह केले होते. मात्र मिळालेल्या उसंतीत त्याने तटबंदीची नगरे उभारली. एथेलरेडनेही १००८ मध्ये मोठे आरमार बांधण्याचा आदेश दिला. पण पुढच्याच वर्षी सरदारांच्या आपसातील भांडणात त्याची वाताहत झाली.

त्याआधी, १३ नोव्हेंबर १००२ रोजी, राजाने इंग्लंडमधील डॅनिश लोकांच्या कत्तलीचा आदेश दिला होता. ऑक्सफर्डमध्ये जीव वाचवण्यासाठी चर्चमध्ये शिरलेल्यांसह ते चर्चच पेटवण्यात आले. १००४ च्या राजाच्या सनदेतच त्याचा उल्लेख आहे. या कत्तलीने धोका टळला नाहीच. पुढच्याच वर्षी डेन्मार्कचा राजा स्वेन चाल करून आला.

अखेर काय झाले?

१०१३ मध्ये स्वेनने इंग्लंड जिंकले आणि एथेलरेड पत्नी एमाच्या माहेरी, नॉर्मंडीत आश्रयाला गेला. फेब्रुवारी १०१४ मध्ये स्वेनचे निधन झाले. तेव्हा इंग्रज सरदारांनी एथेलरेडला परत बोलावले, पण ‘पूर्वीपेक्षा न्यायाने राज्य करावे’ या अटीवर. राजा आणि प्रजा यांच्यातील असा करार इंग्लंडच्या इतिहासात प्रथमच नोंदला गेला.

हा विश्वास फार काळ टिकला नाही. १०१५ मध्ये त्याचा मुलगा एडमंड याने बंड केले. स्वेनचा मुलगा कनूट आक्रमण करून आला आणि राजाचा जावई, बडा सरदार एड्रिक स्ट्रेओना त्यालाच जाऊन मिळाला. २३ एप्रिल १०१६ रोजी एथेलरेडचा लंडनमध्ये मृत्यू झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस एडमंडही मरण पावला आणि संपूर्ण इंग्लंड कनूटच्या ताब्यात गेले.

पुढे काय परिणाम झाला?

एमाशी विवाहामुळे जुळलेले नॉर्मंडीचे नाते पुढे निर्णायक ठरले. त्याच नात्याचा आधार घेत तिच्या भावाचा नातू विल्यम याने १०६६ मध्ये इंग्लंडच्या गादीवर दावा सांगितला आणि अँग्लो-सॅक्सन राजवट कायमची संपली.