जवस आणि आपला आहार

थोर वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली जवसाच्या रोपास ‘लिनम युसिटॅटिसिमम’ असे लॅटिन नाव दिले. ‘युसिटॅटिसिमम’ म्हणजे अत्यंत उपयोगी. हे नाव सर्वथा सार्थ आहे. या रोपाच्या देठातील वाखापासून लिननचे कापड विणतात, बियांच्या तेलात रंग खलून तैलचित्रे काढतात आणि बी आपण खातो. महाराष्ट्रात ज्याला जवस किंवा अळशी म्हणतात, तेच हिंदी मुलखात अलसी व कानडी मुलखात अगसी होय. पावसाळा सरल्यावर काळ्या रानात ते पेरतात. जमिनीत उरलेल्या ओलीवरही ते वाढते आणि निळ्या फुलांनी शेत शोभिवंत करते.

शंभर ग्रॅम जवसात सुमारे ४२ ग्रॅम स्निग्ध पदार्थ, १८ ग्रॅम प्रथिने आणि २७ ग्रॅम तंतुमय पदार्थ असतात. त्यातील स्निग्धांशाचा अर्ध्याहून अधिक भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. हे आम्ल ‘ओमेगा-३’ या वर्गातले असून आपले शरीर ते स्वतः निर्माण करू शकत नाही. ते अन्नातूनच मिळवावे लागते. आपल्या नित्याच्या शेंगदाणा तेलात ते जवळजवळ नसतेच. तंतुमय पदार्थांपैकी काही भाग पाण्यात भिजून बुळबुळीत होतो. त्याने मलावरोध दूर होण्यास आणि रक्तातील कोलेस्टेरॉल काहीसे उतरण्यास साहाय्य होते.

परंतु जवस खाल्ले म्हणजे हे सर्व लाभ पदरात पडले, असे मात्र समजू नये. बियांचे कवच कठीण व गुळगुळीत असते. न चावता गिळलेले बी पुष्कळदा जसेच्या तसे शरीराबाहेर पडते. म्हणून जवस कुटूनच खावे. आपल्या घरोघरच्या आज्यांनी हे केव्हाच जाणले होते. बेळगाव-धारवाडकडे काय किंवा विदर्भात काय, जवस मंद आचेवर कोरडे भाजतात, तडतडू लागताच उतरवतात आणि निवल्यावर लसूण, सुकी मिरची, जिरे व मीठ घालून कुटतात. ही चटणी ज्वारीच्या भाकरीशी फार रुचकर लागते.

दुसरी गोष्ट तेलाची. क्रिकेट खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेल की, नव्या बॅटीला जवसाचे तेल चोळतात. हे तेल हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. असे होण्याचे कारण तेच अल्फा-लिनोलेनिक आम्ल होय. जो गुण चित्रकाराच्या उपयोगी पडतो, तोच स्वयंपाकघरात अडचणीचा ठरतो. कारण कुटलेल्या जवसाला हवा लागली की ते लवकर खवट होते. यास्तव चटणी थोडी थोडी करावी, घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी व लवकर संपवावी. रंगाच्या दुकानात मिळणारे जवसाचे तेल खाण्यासाठी नसते, हेही ध्यानात असावे.

जवसाची स्तुती करतानाही तारतम्य हवे. त्यातील आम्लाचे जे रूपांतर मेंदूला व डोळ्यांना हवे असते, ते आपल्या शरीरात अल्प प्रमाणातच घडते. गोवा-कोकणच्या किनाऱ्यावरील बांगडा व तारली या मासळीतून ते तयार रूपात लाभते. मासे न खाणाऱ्यांना जवसाचे मोल त्यामुळेच अधिक. रोज एक-दोन चमचे पूड पुरेशी आहे. सोबत पाणी भरपूर प्यावे. कच्चे जवस फार खाऊ नये. गरोदर स्त्रियांनी आणि रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी प्रथम वैद्यकीय सल्ला घ्यावा. जवस हे अन्न आहे. ते औषधाची जागा घेऊ शकत नाही.

आज हेच जवस सुबक पाकिटांतून शहरांत चढ्या भावाने विकले जाते, आणि घरच्या चटणीला मात्र आपण गावंढळ म्हणून नाक मुरडतो! विद्यार्थिमित्रहो, तुमच्या घरी आजी असेल, तर ही चटणी किती भाजावी व कशी कुटावी हे तिच्यापाशी बसून शिकून घ्या. पाकिटावर छापलेले गुण कोणालाही वाचता येतील. तिच्या हातातले ज्ञान मात्र तुम्ही शिकलात तरच पुढे टिकेल.