रंगून पाहावे कसे?

वर्षावास संपून थंडीचे दिवस आले की आपल्या सभासदांमध्ये सहलीचा विषय निघतो. बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी ही स्थळे अनेक कुटुंबांनी पाहिली आहेत. आता पुढचा विचार बौद्ध राष्ट्रांचा होतो आणि त्यात रंगूनचे नाव हमखास येते. ते स्वाभाविकच आहे. १९५४ साली परमपूज्य बाबासाहेब दोन वेळा ब्रह्मदेशात गेले होते. मे महिन्यात ते बुद्ध जयंतीच्या सोहळ्यास उपस्थित राहिले आणि डिसेंबरमध्ये जागतिक बौद्ध परिषदेच्या तिसऱ्या अधिवेशनास. परंतु तिकीट काढले आणि निघालो, असे हे शहर नाही. त्याला पैसा लागतो तशी पूर्वतयारीही लागते. ती कशी करावी, हे आम्ही या लेखात सांगणार आहोत.

प्रथम आजची परिस्थिती

ब्रह्मदेशाचे नाव आता म्यानमार आणि रंगूनचे यांगॉन आहे. हा बदल १९८९ साली झाला. पुढे राजधानी नेपिडो येथे हलली, तरी देशातील सर्वांत मोठे शहर यांगॉनच आहे. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने तेथे सत्ता हाती घेतली आणि त्यानंतर देशाच्या अनेक भागांत सशस्त्र संघर्ष पेटला. २८ मार्च २०२५ च्या मोठ्या भूकंपात मंडाले व सगाईंग भागाची अपरिमित हानी झाली. म्हणून एजंटाच्या हाती इसार ठेवण्यापूर्वी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाची प्रवासविषयक सूचना वाचावी. सूचना 'जाऊ नये' अशी असेल तर जाऊ नये. स्थळे कोठे पळून जात नाहीत.

विद्यार्थी मित्रांना एक गोष्ट निक्षून सांगावीशी वाटते. थायलंडमध्ये संगणकाची नोकरी देतो असे सांगून अनेक भारतीय तरुणांना सीमेपलीकडे म्यानमारमधील म्यावाडी भागात नेण्यात आले व तेथे त्यांच्याकडून सायबर फसवणुकीची कामे करून घेण्यात आली. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने अशा पाचशेहून अधिक जणांना विमानाने परत आणले. पर्यटक व्हिसावर नोकरी देणारा माणूस कितीही ओळखीचा असला, 'जय भीम' म्हणणारा असला, तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

रंगून आधी येथेच पाहावे

रंगूनची ओळख करून घेण्यासाठी पासपोर्ट लागत नाही. साकीनाक्याहून मेट्रोने अंधेरी, तेथून लोकलने बोरिवली, पश्चिमेस बस किंवा रिक्षाने गोराई खाडी आणि पुढे बोट, असे गेले की आपण ग्लोबल विपश्यना पॅगोड्यापाशी पोहोचतो. मंडाले येथे जन्मलेले आचार्य सत्यनारायण गोएंका यांच्या प्रेरणेने तो उभा राहिला आणि ८ फेब्रुवारी २००९ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गोएंकांचे गुरू सयाजी ऊ बा खिन हे ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते. दिवसभर हिशेब तपासणारा माणूस ध्यानाचा आचार्य होऊ शकतो, ही गोष्ट आम्हा बँकवाल्यांना विशेष धीर देणारी आहे.

गोराईचा आकार रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्यावरून घेतलेला आहे. फरक एकच, पण महत्त्वाचा आहे. श्वेडगॉन हा आतून भरीव स्तूप आहे. त्यात प्रवेश नसतो, त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालतात. गोराईचा पॅगोडा पोकळ आहे. एकमेकांत अडकवलेल्या दगडांचा त्याचा घुमट मध्ये एकही खांब न घेता उभा आहे आणि खाली सुमारे ८,००० माणसे ध्यानाला बसू शकतात. हा फरक मुलांना येथेच समजावून द्यावा.

दुसरे ठिकाण पुण्याजवळील देहूरोड. डिसेंबर १९५४ मध्ये रंगूनहून परतताना आणलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी तेथील विहारात केली. नागपूरच्या धम्मदीक्षेला तेव्हा जवळजवळ दोन वर्षांचा अवकाश होता. रंगूनचे आणि आपले नाते कशाने जोडले गेले ते या मूर्तीसमोर उभे राहिले की कळते.

तिसरे ठिकाण रत्नागिरी. ब्रह्मदेशाचा अखेरचा राजा थिबा याला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले आणि पुढे रत्नागिरीत ठेवले. तेथेच १९१६ साली त्याचे निधन झाले. उलट दिल्लीचा अखेरचा बादशहा बहादूरशहा जफर याला रंगूनला पाठवले, तो १८६२ साली तेथे वारला. थिबा राजवाडा पाहिलेल्या माणसाने रंगूनला जफरची कबर अवश्य पाहावी. साम्राज्य कसे चालत होते, ते या दोन वास्तू मिळून सांगतात.

प्रत्यक्ष रंगूनमध्ये

शहरासाठी किमान तीन दिवस ठेवावेत. सहल कंपन्या एका दिवसात सहा-सात ठिकाणे उरकतात. त्यात फोटो मिळतात, दुसरे फारसे काही मिळत नाही.

पहिला दिवस श्वेडगॉनला द्यावा. शक्यतो पहाटे किंवा सूर्यास्ताच्या सुमारास जावे, कारण दुपारी फरशी तापते व अनवाणी पाय भाजतात. सोन्याने मढवलेला हा स्तूप सुमारे ९९ मीटर उंच आहे. तपुस्स व भल्लिक या व्यापारी बंधूंनी आणलेले भगवान बुद्धांचे आठ केस त्यात आहेत, अशी तेथील श्रद्धा आहे. संशोधक मात्र स्तूपाचा काळ इसवी सनाच्या सहाव्या ते दहाव्या शतकाच्या दरम्यान मानतात. दोन्ही गोष्टी माहीत असाव्यात.

स्तूपाभोवती आठ दिशांना वारांची स्थाने आहेत. बुधवारचे सकाळ आणि दुपार असे दोन भाग केल्यामुळे सात वारांची आठ स्थाने होतात. लोक आपल्या जन्मवाराच्या मूर्तीवर पाणी घालतात. आपण दीक्षा घेतलेल्या धम्मात ग्रहांना व वारांना स्थान नाही. पण म्हणून तेथे हसू नये की वाद घालू नये. पाहावे, समजून घ्यावे आणि पुढे जावे.

दोन गोष्टी चुकवू नयेत. पहिली म्हणजे १७७९ च्या सुमारास ओतलेली मोठी घंटा. १८२५ साली इंग्रज ती कलकत्त्याला नेत असताना नदीत बुडाली. त्यांना ती काढता आली नाही. ब्रह्मी लोकांनी बांबूंच्या साहाय्याने ती तरंगवून वर आणली. दुसरी गोष्ट म्हणजे १९२० च्या विद्यार्थी संपाचे स्मारक. रंगून विद्यापीठाच्या कायद्याविरुद्ध संप करणाऱ्या विद्यार्थ्यांनी याच पॅगोड्याचा आश्रय घेतला होता.

दुसऱ्या दिवशी काबा ए पॅगोडा पाहावा. पंतप्रधान ऊ नू यांच्या पुढाकाराने तो १९५२ साली बांधला गेला. शेजारीच महापासाण गुहा आहे. प्रथम संगीती झालेल्या राजगृहाच्या सप्तपर्णी गुहेची आठवण म्हणून ही कृत्रिम गुहा उभारली आणि १९५४ ते १९५६ या काळात सहावी धम्मसंगीती येथे भरली. देशोदेशीच्या भिक्खूंनी येथे संपूर्ण त्रिपिटकाचे पठण करून पाठ तपासले. बाबासाहेब रंगूनला गेले तेव्हा हे कार्य चालू होते. नुसते शिखर पाहून परतणारे लोक ही गुहा हटकून विसरतात.

तिसऱ्या दिवशी शहराच्या मध्यावरील सुले पॅगोडा, नदीकाठचा बोटाटाउंग आणि चौखटाजी येथील सुमारे ६५ मीटर लांबीची पहुडलेली बुद्धमूर्ती पाहावी. बोटाटाउंग १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात उद्ध्वस्त झाला होता. नव्याने बांधताना तो आतून पोकळ ठेवला, त्यामुळे येथे आत जाता येते. खरेदी करायचीच असेल तर जुन्या स्कॉट मार्केटात, म्हणजे आताच्या बोज्योके आँग सान बाजारात करावी. माणिक-पाचूच्या मोहात मात्र पडू नये.

काही व्यावहारिक सूचना

१) पॅगोड्यात चपला-बुटांबरोबर मोजेही काढावे लागतात. इंग्रज अधिकारी तेथे बूट घालून वावरत, त्याविरुद्ध तरुण ब्रह्मी बौद्धांनी चळवळ केली होती. या नियमामागे स्वाभिमानाचा इतिहास आहे.

२) खांदे व गुडघे झाकणारे कपडे घालावेत. बुद्धप्रतिमेचा टी-शर्ट किंवा अंगावर गोंदण असेल तर विशेष जपावे. आपल्याकडे ते प्रेमाने केले जाते, तेथे तो अवमान मानला जाऊ शकतो. कानाला हेडफोन लावलेल्या बुद्धाचे चित्र जाहिरातीत वापरल्याबद्दल २०१५ साली एका परदेशी व्यवस्थापकाला तेथे तुरुंगवासाची शिक्षा झाली.

३) परदेशी कार्डावर विसंबू नये. डॉलरच्या नोटा नव्या व घडी न पडलेल्या न्याव्यात. चुरगळलेली किंवा शाई लागलेली नोट तेथे नाकारतात. आम्ही रोज नोटा हाताळतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

४) नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. घड्याळ एक तास पुढे करावे. वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने धावतात, म्हणून रस्ता ओलांडताना ज्येष्ठांचा हात धरावा.

५) राजकारणावर जाहीर बोलू नये, सैनिकांचे फोटो काढू नयेत. तुमच्याशी बोलणारा स्थानिक माणूस त्यामुळे अडचणीत येऊ शकतो.

डोळे उघडे ठेवून

बौद्ध राष्ट्र म्हणजे सर्व काही न्याय्य, अशी समजूत करून घेऊ नये. याच देशात २००७ साली हजारो भिक्खू लष्करी राजवटीविरुद्ध शांततेने रस्त्यावर उतरले. आणि याच देशातून २०१७ साली लाखो रोहिंग्यांना घरे सोडून पळावे लागले. स्तूपाचे सोने आणि माणसाचे आचरण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेथे जाणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

शेवटी खर्चाचे. सहलीसाठी कर्ज काढू नये, मुलांच्या शिक्षणाचे पैसे मोडू नयेत. आर. डी. खाते उघडून दरमहा झेपेल तेवढी रक्कम टाकावी. खाते मुदतीला येईपर्यंत एका रविवारी गोराई, २५ डिसेंबरला देहूरोड आणि मे महिन्याच्या सुट्टीत रत्नागिरी करावी. तोवर तिकडची परिस्थिती निवळली तर रंगूनला जाणारा सभासद काय पाहायचे ते ठरवून जाईल. न निवळली तर व्याजासह पैसे हाती असतील आणि तीन स्थळे पाहून झालेली असतील.